वेनेलिनने उघडून दिलेला फोल्डर

गावात संगणक बिघडला की वेनेलिनला बोलावतात, कारण दुसरं कुणी नाहीच. मला त्या माणसाची शिसारी येते. सकाळीच वजडीचं सूप ढोसून येतो, लसणाचा भपकारा सोडत माझ्या खुर्चीत बसतो आणि त्याच बोटांनी माझा कीबोर्ड बडवतो. समोरच्याला वाक्य पुरं करू देईल तर शपथ.

मी अंत्यविधीच्या दुकानात निधनाची पत्रकं करते. पुढच्या संगणकावर फोटो आणि मजकूर जुळवून एका फोल्डरमध्ये ठेवायचा, आणि मागच्या खोलीतल्या संगणकावर तोच फोल्डर उघडून छापायचं. मग घरचे लोक ती पत्रकं दारावर, खांबांवर, बसथांब्यावर चिकटवतात. कोण गेलं, कधी पुरणार, हे आमच्याकडे सगळे तिथंच वाचतात.

त्या सकाळी गेर्गिना आली. स्पेनमध्ये परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार करण्यात तिची वर्षं गेली, आणि इकडे स्वतःची आई एकटीच वारली. गावातल्या कुणाचा फोन नंबर तिच्याकडे उरला नव्हता. दफन दुपारी होतं. पत्रकं वेळेत लागली नाहीत तर आईला पोचवायला कुणी येणार नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी मजकूर करून फोल्डरमध्ये टाकला. पण मागच्या संगणकाने रात्री अपडेट घेतलं होतं, आणि आता त्याच्यावर तो फोल्डर उघडेचना. परवानगी नाही म्हणे.

वेनेलिन आला. आधी केबल उपटली, मग राउटर बंद करून चालू केला. मग म्हणाला, बायका कुठंतरी काहीतरी दाबून ठेवतात. मी म्हटलं, फाइल पेनड्राइव्हवर घालून मागे नेऊ, छपाई तरी होऊ दे.

"मी दुरुस्तीला आलोय, हमालीला नाही," असं म्हणून त्याने दोन्ही संगणक अडवून ठेवले. मध्येच चीज भरलेली खुसखुशीत बानित्सा खाल्ली आणि तेलकट बोट माझ्या स्क्रीनवर टेकवून मला शिकवायला लागला. गेर्गिना उठून त्याच्याजवळ गेली, काही बोलणार होती. त्याने मान वर न करता हाताने तिला बाकावर बसायची खूण केली. पत्रक कुणाचं, हेसुद्धा त्याने विचारलं नाही.

शेवटी सापडलं. अपडेटनंतर पासवर्ड नसलेला फोल्डर मागचा संगणक उघडूच देत नव्हता. आमच्या फोल्डरला पासवर्ड नव्हता, कारण जोडणी करताना यानेच ऐटीत सांगितलं होतं की मेलेल्यांचे फोटो कोण चोरतंय. आता त्याने पासवर्ड घातला आणि छपाई सुरू झाली. तोवर दफनाची वेळ येऊन ठेपली होती.

शाई नीट उमटली का बघायला पहिलं पत्रक त्यानेच उचललं, आणि बघतच राहिला.

"ही तर आमच्या जुन्या घराशेजारची रायना मावशी," तो म्हणाला. "माझी आई रात्रपाळीला गेली की मी हिच्याकडेच जेवायचो. मला कुणी सांगितलं का नाही?"

"मी सकाळीच ओळखलं तुला," बाकावरून गेर्गिना म्हणाली.

त्याने तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. एका ताटात जेवलेली दोघं. माझ्या ओठांवर आलेली शिवी मी तिच्यासाठी गिळली.

गेर्गिनाने पत्रकांचा गठ्ठा घेतला, हातात धरला आणि टेबलावर परत ठेवला.

"आता ही लावून कोण वाचणार?" ती म्हणाली. "तू चल. शवपेटी उचलायला माणूस कमी आहे."