सोवळ्यातला सेंटर-फॉरवर्ड

पुण्याच्या कॉलेजात माझ्या पायांचा फार बोलबाला होता. अंगावर आलेला चेंडू अलगद पायाशी घ्यायचा आणि दोघा-तिघांना हुलकावण्या देत गोलापर्यंत जायचं, यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. लोकांना वाटे, मुलगा मोठा कसबी आहे. खरं म्हणजे ती सगळी आमच्या आईची कृपा.

सोलापुरात नवी पेठेमागच्या बोळात रामाचं देऊळ होतं आणि तिथली पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे. अशा घरात मी फुटबॉल आणला, म्हणजे चक्क चामडं आणलं! तोडगा आईनं काढला. चेंडू पायाला लागला तर पाय धुऊन आत यायचं, छातीला लागला तर सदरा बाहेर टाकायचा, आणि डोक्याला लागला तर डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. पौषात आमच्या आडाचं पाणी असं असे की बराच वेळ दात वाजत राहत. अशा एक-दोन अंघोळी झाल्यावर मी डोकं वाचवायला शिकलो. पुढे पुण्यात मामाकडे हे कुणी विचारत नसे, पण मानेची सवय गेली नाही. कप्तान "हेड! हेड!" म्हणून बोंबले आणि मी वाकून मोकळा.

मैदानावर नाव झालं, पण इंटरला तर्कशास्त्रात दांडी उडाली. त्याच सुमाराला वडिलांचे गुडघे धरले. पूजेला बसले की उठताना खांबाचा आधार लागे. निकाल ऐकून ते एवढंच म्हणाले, "हवं तर पुन्हा बस परीक्षेला. पण नाताळात घरी आलास की बोलू. मला पूजेला माणूस हवा आहे."

मला बी.ए. व्हायचं होतं, खेळायचं होतं. आणि वडिलांचं चुकतंय असंही म्हणता येत नव्हतं. मला भयंकर राग आला. कुणावर, ते मात्र कळेना.

नाताळात आमच्या संघाला सोलापूरच्या गिरणीतल्या पोरांनी सामन्याला बोलावलं. आम्ही बूट घातलेले, ते अनवाणी, आणि धापा टाकत होतो आम्हीच. मूळची तेलंगणातली ती पोरं आपसांत तेलुगूत बोलत, म्हणून पुढचा डाव कळायचीही सोय नव्हती. मध्यंतरानंतर पाहतो तर काय, कडेला उपरणं सावरत वडील उभे! आईनं पाठवलं की आपणहून आले, कधी कळलं नाही. त्यांच्या शेजारी मेंढरं विकायला आलेला मंद्रूपकडचा एक धनगर होता. चेंडूमागे मी वरचेवर त्याच कडेला येत होतो, त्यामुळे त्याचे सल्ले मला स्पष्ट ऐकू येत होते.

"आरं, डोस्कं लाव की! पोरगं कुनाचं हाय म्हनायचं हे?"

"माझं," वडील म्हणाले.

"मग सांगा की त्याला! पाय लई बेस हायत, पर डोस्कं लावाय भ्येतंय."

बरोबरी चालली होती. शेवटी शेवटी उजवीकडून चेंडू उंच आला. माझी मान सवयीनं खाली निघाली, तेवढ्यात कडेहून आवाज आला, "अरे, लाव डोकं!"

तो धनगराचा नव्हता. मी डोळे मिटून कपाळ पुढे केलं. डोळे उघडले तेव्हा चेंडू गोलात होता, मी धुळीत होतो आणि धनगर वडिलांच्या पाठीवर थापा मारत होता.

घरी जाताना वडील माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. गोलाचं सोडून त्यांनी भलतंच विचारलं.

"तर्कशास्त्राचा पेपर कधी आहे?"

"मार्चात."

"तयारी?"

"निम्मी."

"मग इथं काय करतोयस? उद्या संघाबरोबरच पुण्याला जा."

"आणि पूजा?"

"आजवर कोण करत आलंय?"

मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटली. बोलता बोलता देवळाच्या पायऱ्या आल्या. पहिल्याच पायरीशी त्यांनी माझा खांदा सोडला आणि भिंत धरली. मी आधार द्यायला पुढे झालो, तर म्हणाले, "राहू दे. आता सवय करायला हवी."