वैशाखाला वेळ आहे

माझी भाची पुण्याहून नोकरीसाठी इथे आली, सर्जापूर रोडला राहते. मागच्या रविवारी ती मल्लेश्वरमला आमच्याकडे जेवायला आली आणि फोन माझ्या हातात देत म्हणाली, "मावशी, ही टेस्ट घे ना. आमच्या ऑफिसमध्ये सगळ्यांनी घेतली. आपण किती कंपॅशनेट आहोत ते कळतं." वीस प्रश्न होते. मला शंभरात नव्वदच्या वर गुण मिळाले. भाचीने टाळ्या वाजवल्या. माझे यजमान पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तिला साऱ्या जगाची दया येते, मला चहा विचारायचा तेवढा राहतो."

त्यातला एक प्रश्न होता, समोरच्याला दुःख होईल असं बोलणं तुम्ही टाळता का? मी 'नेहमी'वर बोट ठेवलं होतं. उत्तर अगदी खरं होतं. त्या सवयीने मी एका माणसाचं काय केलं, ते मात्र घरातही कोणाला ठाऊक नाही.

माझे वडील मिरजेहून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले. माझा जन्म इथलाच, त्यामुळे कन्नड मला मराठीइतकंच येतं. इथल्या मोठ्या दवाखान्यात सोलापूर, लातूर, सांगलीकडून पेशंट येतात आणि भाषेपाशी अडतात. आमच्या मराठी मंडळात अशांसाठी दुभाष्यांची यादी आहे. निवृत्त झाल्यापासून मी आठवड्यातले दोन दिवस जाते. नर्सेसपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे मला अक्का म्हणतात. दया करायची हौस मला आहेच, आणि ती लोकांनी पाहावी याचीही आहे. हे आज लिहिते आहे, तेव्हा कबूल केलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी, माघ महिन्यात, बार्शीकडचं एक जोडपं आलं. तो शिंपी, एस.टी. स्टँडजवळ शाळेचे गणवेश शिवायचा. पन्नाशीचा माणूस, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरने बायकोला आत बोलावलं. तो बाहेर बाकावर बसून राहिला. डॉक्टर तरुण होता, हिंदी त्याला जेमतेम यायची. बाईला हिंदी कळायची ती सिनेमातली, दवाखान्यातली नाही. म्हणून मधे मी.

तो कन्नडमध्ये म्हणाला, "लिव्हरचा कॅन्सर आहे आणि सगळीकडे पसरला आहे. आता करण्यासारखं काही नाही. दुखू नये म्हणून औषध देतो. अक्का, स्वल्प नीवे हेळी." म्हणजे जरा तुम्हीच सांगा.

मी तोंड उघडायच्या आत बाईनेच माझा हात धरला. "ताई, त्यास्नी एक इचारा. आमच्या लेकीचं लगीन धरलंय वैशाखात. एकुलती एक हाय. तवर ह्ये उठून बसत्याल न्हवं? कन्यादान आपल्याच हातानं करायचं म्हनत्यात. न्हाईतर पावनं तयार हायेत, आत्ताच चार मान्सांत उरकून घेतो. तसं असंल तर तसं सांगा."

मी विचारलं. डॉक्टर म्हणाला, "वैशाख म्हणजे मे ना? मे फार लांब आहे. फार तर दोन-तीन आठवडे. चालतेबोलते आहेत तोवर घरी न्या आणि लग्न लगेच करा म्हणावं."

बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने नेमकं तेच विचारलं होतं आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं. एका वाक्याचं काम. पण ते वाक्य बोलल्यावर तिचा चेहरा कसा होईल ते मला दिसलं, आणि मी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा फार आहे. औषधं चालू ठेवा. वैशाखाला वेळ आहे अजून."

ती हसली. डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "धीराच्या आहेत," तो म्हणाला. मी म्हणाले, "हौदु." होय.

मंडळाची एक खोली दवाखान्याजवळ आहे, तिथे त्यांची सोय केली. "गावी जायची घाई नको, इथे डॉक्टर हाताशी आहेत," हे मीच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मी डबा न्यायला लागले. मऊ भात, मेतकूट, कधी ज्वारीची उकड. चूक झाली हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. उद्या सांगू, असं रोज ठरवायची आणि रोज एक पदार्थ वाढवायची.

शिंपीदादा मोठा गमत्या माणूस. पहिल्या दिवशी मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "ताई, तुमचा डावा खांदा उतरलाय. ब्लाउज शिवनाऱ्यानं ध्यानातच घेतलं न्हाई." खरंच होतं ते, चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्याला खरं दिसलं की तो बोलून टाकायचा.

आठवडाभर झाला असेल, एक दिवस डबा घेऊन गेले तर तो सतरंजीवर मांडी घालून बसला होता. पाठ भिंतीला न टेकता. कपाळावर घाम. बायको म्हणाली, "कन्यादानाला पाटावर बसाय पायजे न्हवं? म्हनून सवय करत्यात." दोन मिनिटांत तो कलला. आम्ही दोघींनी त्याला खाटेवर घेतलं. तो धापा टाकत म्हणाला, "उद्या पाच." मी त्या दिवशी सांगायचं ठरवूनच गेले होते. मी म्हणाले, "वा! वैशाखापर्यंत तासभर बसाल." हे मी म्हणाले. कोणी वदवून घेतलं नाही.

तो रोज बसायचा. रोज कमी वेळ बसता यायचं आणि रोज तो म्हणायचा, आज जरा अंग जड आहे. लेक फोनवर विचारायची, अण्णा बसले का? बायको सांगायची, बसले की. जो वेळ त्याने गावी लेकीच्या मांडवात बसून घालवायचा, तो त्याने मंडळाच्या खोलीत सतरंजीवर घालवला.

सतराव्या दिवशी सकाळी त्याला रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात नेलं, दुपारी तिथेच त्याने प्राण सोडला. लेक तिकडे बार्शीला, हळद कोणाकडे दळायची ते ठरवत होती.

डॉक्टर कागदावर सही करायला आला. बाई पलंगाच्या पायाशी बसली होती. तो तिच्याकडे बघून मला कन्नडमध्ये म्हणाला, रागाने नाही, खरोखर न कळून, "घरी न्या म्हणालो होतो ना मी? लग्न झालं का? नेलं का नाही यांनी? विचारा त्यांना."

बाईने मान वर केली. "काय म्हनत्यात?"

आता कोणाला वाचवायचं उरलं नव्हतं. तो गेलेला होता, तिचं जे व्हायचं ते झालेलं होतं. मी उरले होते. तेव्हा मला स्वतःची दया जितकी स्वच्छ दिसली तितकी कधीच दिसली नव्हती. पहिल्या दिवशीही मी तिला वाचवलं नव्हतं. तिचं रडणं मला बघवणार नव्हतं, एवढंच होतं ते.

"डॉक्टर म्हणतात, तुम्ही फार सेवा केलीत," मी म्हणाले.

ती उठली आणि डॉक्टरच्या पाया पडली. तो गोंधळून मागे सरकला. मग ती माझ्या पाया पडली. डॉक्टरला मी सांगितलं की गावी जायला वाहन मिळालं नाही. त्याने मान हलवली आणि तो पुढच्या पलंगाकडे गेला.

चैत्र संपता संपता तिचा फोन आला. वर्षाच्या आत लग्न उरकायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल, म्हणून धरलेली तारीखच कायम ठेवली होती. मी म्हटलं, बरं केलंत. मग ती म्हणाली,

"ताई, मला काय आता पाटावर बसता येत न्हाई. दिराचं आमचं बोलनं न्हाई. लेक म्हनली, अण्णांसाठी त्या ताईंनी जेवढं केलं तेवढं रगताच्या मान्सानं केलं नसतं. तवा तुमी आन् तुमचं मालक या. ह्यांच्या जागी तुमीच दोघं बसा, तुमच्या हातानं कन्यादान होऊ द्या."

मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.