थेटरच्या परीक्षेची चौथी खेप

गोपिका भोयर चौथ्यांदा परीक्षेला बसणार होती, आणि ही गोष्ट तिनं वस्तीत कोणालाही सांगितली नव्हती. पहिल्या वेळी मोठ्या हौसेनं सांगितली होती. दुसऱ्या वेळी लोकांनी आपणहून विचारलं. तिसऱ्या वेळी विचारणं थांबलं, पण ती ड्यूटीवरून आली की नळावरच्या बाया बोलता बोलता गप्प व्हायच्या. विचारण्यापेक्षा ते वाईट होतं.

गोपिका कळमेश्वरच्या बाजूच्या खेड्यातली. बाप कास्तकार. पोरीनं परक्या माणसांचं हगणंमुतणं काढायचं म्हणून घरात बरीच बोलणी झाली, तरी मॅट्रिकनंतर ती नर्सिंगला गेली आणि पास झाली. नागपुरात एका धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्यात लागली. तिथून लवकरच तिला ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं. सारे त्याला थेटर म्हणत. ही गोष्ट त्र्याहत्तर सालची. तोवर तिची सात-आठ वर्षं थेटरात गेली होती.

थेटरात तिचं मन लागलं होतं. वॉर्डात दहा रोगी दहा बाजूंनी हाका मारतात, नातेवाईक भांडतात, धड एक काम पुरं होत नाही. थेटरात एका वेळी एकच माणूस आणि एकच काम. डॉक्टरांनी हात पुढे केला की त्यांना हवं ते हत्यार त्या हातात पडलं पाहिजे. ते पडत होतं. मोठे डॉक्टर तोंडानं शाबासकी देणारे नव्हते, पण अवघड केस असली की विचारायचे, "भोयर सिस्टर आहेत का आज?" गोपिकाला तेवढं पुरत होतं.

मग ट्रस्टनं नियम काढला. थेटरात यापुढे फक्त थेटरच्या परिचर्येची वेगळी परीक्षा पास झालेल्याच नर्स राहतील. बाकीच्यांना मुदत दिली. परीक्षा वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्यात व्हायची, आणि चारदाच बसता यायचं. चारदा नापास झालं की थेटर सुटलं.

पहिल्या खेपेला गोपिका लेखी पेपरात नापास झाली. पेपर इंग्रजीत होता. तिनं पुस्तक वाचलं होतं, पण ड्यूटी करून, स्वयंपाक करून, डोळ्यांवर झापड असताना वाचलं होतं. पानं उलटणं म्हणजे अभ्यास नव्हे. हे तिला निकाल लागल्यावर कळलं, आणि दुसऱ्या वर्षी तिनं पुस्तक सोडलं नाही. भाजी चिरतानासुद्धा शब्द पाठ करायची. लेखीत ती चांगली पास झाली. पण ज्याची तिला कधी भीती वाटली नव्हती, त्या प्रॅक्टिकलमध्ये बुडाली.

त्याचं असं झालं. ऑपरेशनच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, ब्रशनं, ठरलेल्या पद्धतीनं. धुऊन झाले की हात वर धरायचे आणि कशालाही लावायचे नाहीत. नळालासुद्धा नाही. नळ तसाच वाहत सोडून आत जायचं, मागून कोणीतरी येऊन बंद करतं. गोपिकाच्या दवाखान्यात हे काम भीमाबाई आया करायची. सिस्टरनी हात उचलले की भीमाबाईचा हात तोटीवर गेलेलाच असायचा.

परीक्षेच्या ठिकाणी भीमाबाई नव्हती. गोपिकानं हात धुतले, नीट धुतले. वर उचलले. नळ भदाभदा वाहत होता. तो बंद करायला मागे कोणी नव्हतं. बाहेर मे महिना. सकाळी घरच्या नळाला करंगळीएवढी धार आली होती आणि तिचा पाण्याचा गुंड अर्धाही भरला नव्हता. तिचा उजवा हात गेला आणि त्यानं तोटी फिरवली.

परीक्षक मुंबईहून आलेल्या बाई होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "सिस्टर, तुमचे हात आता निर्जंतुक आहेत का?"

गोपिका हाताकडे बघत राहिली. 

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला हे सांगितलं. रुपराव शहराबाहेर वाडीला एका गॅरेजमध्ये ट्रकच्या कमान्या बसवायचा. बोलायला कमी. कामाच्या बाबतीत त्याचं एकच म्हणणं होतं, की बसत नाही असा बोल्ट नसतो, नीट न बसवलेला असतो. बायकोच्या परीक्षेकडेही तो तसंच बघायचा.

"तू नाही चुकली," तो म्हणाला. "तुया हात चुकला. हाताले वळण लावा लागते."

"तीस वर्षांचं वळण हाय ते. नळ उघडा दिसला का बंद करा, मायनं मारून शिकवलं."

"मंग दुसरं लावू."

गॅरेजातलं एक पिंप त्यानं आणलं, सोडा टाकून आतलं तेल काढलं, त्याला पितळी तोटी झाळली आणि खोलीसमोर विटांच्या चौथऱ्यावर मांडलं. नळाचं पाणी वापरायचं नाही, हे त्यानं आधीच ठरवलं होतं. लांबच्या विहिरीवरून सायकलला डबे लावून तो खारं पाणी आणायचा आणि पिंप भरायचा. ड्यूटीवरून आल्यावर गोपिकानं तोटी सोडायची, ब्रशनं हात घासायचे, वर उचलायचे आणि तोटी तशीच सोडून खोलीत जायचं. खाली रुपराव घमेलं ठेवायचा. पाणी घमेल्यात पडायचं, ते पुन्हा पिंपात जायचं.

समोरच्या खोलीतली सुभद्रा हे बघून एकदा कंबरेवर हात देऊन उभी राहिली.

"काहून वं गोपिका, थेटरात जाऊन राहिली म्हणते, तर हे नाचाची तालीम हाय का?"

"नाच नाही, हात धुणं हाय."

"आमी बी धुतो बाई हात. असे देवाले दाखवत नाही फिरत."

बाया हसल्या. गोपिकाही हसली. वर्षभर तिनं तालीम केली. हात इतका वळणी लागला की रुपराव समाधानानं मान हलवायचा.

आणि तिसऱ्या खेपेला हात पुन्हा तोटीवर गेला.

या वेळी तिला स्वतःलाही पटेना. वर्षभर तर गेला नव्हता. तिसऱ्या दिवशी जेवताना रुपराव म्हणाला, "घमेल्यानं घात केला."

"कसा?"

"घमेल्यात पडे तर पाणी वाया जाये का? नाही जाये. तुया जिवाले ठाऊक होतं ते. म्हणून हात गप बसे. तिथं पाणी मोरीत जाऊन राहिलं होतं. तालीम खोटी होती आपली."

त्याचं म्हणणं खरं होतं. वर्षभर दोघांनी जीव तोडून मेहनत केली होती, पण जे अवघड होतं ते बाजूला ठेवून सोपं तेवढं घोटलं होतं.

चौथ्या खेपेच्या आधी घमेलं काढलं. आता पाणी जमिनीवर सोडायचं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पण उन्हाळा लागला. नळाला पाणी येईनासं झालं, टँकरची वाट बघत रिकाम्या गुंडांच्या रांगा लागल्या, आणि त्या रांगेच्या समोर गोपिका हात वर धरून उभी आणि तिच्या पायाशी पाणी मातीत जिरतंय. पाणी रुपरावानं मैलभरावरून आणलेलं होतं. पण पाण्यावर ते लिहिलेलं नसतं.

सुभद्रा आता हसली नाही. "पोट्ट्याले प्याले पाणी नाही माह्या," ती म्हणाली, "आन् तू मातीले पाजून राहिली."

"खारं हाय, वैनी. पिता येत नाही."

"भांडे तर घासता येते ना."

रुपराव पुढे झाला. "मी आणतो तुमाले दोन डबे. काही म्हणू नका तिले."

"राहू द्या भाऊजी. तुमची मेमसाब पास होऊ द्या अगुदर."

त्या दिवसापासून सुभद्रानं बोलणं सोडलं. रुपराव तिच्या दाराशी डबे ठेवायचा. ते संध्याकाळपर्यंत तसेच उन्हात तापत पडायचे. गोपिका रोज त्या तोटीपाशी उभी राहायची. पाणी वाहताना दिसायचं, रांग दिसायची, आणि हात वरच धरून ठेवायचा. आत येऊन ती भिंतीला टेकून बसायची. एकदा म्हणालीही, "हे पाप हाय."

"असंन," रुपराव म्हणाला. "पण हात नाही गेला ना आज?"

"नाही गेला."

"मंग उद्या बी नको जाऊ देऊ."

परीक्षेच्या दिवशी हात गेला नाही. तोच नळ, तशीच धार. गोपिकानं हात उचलले, कोपरं वाकवली, आणि मागे न बघता आत गेली. परीक्षक बाई त्याच होत्या. त्यांनी गोपिकाला ओळखलं आणि मान किंचित हलवली. गाऊन बरोबर घातला गेला, हातमोजे बरोबर चढले. टेबलावर रोग्याच्या जागी गादीची वळकटी होती, वर हिरवी चादर. परीक्षक बाई हत्यारं मागत गेल्या आणि गोपिका देत गेली. एकही चुकलं नाही.

पण बाहेरचा नळ कोणी बंद केला नव्हता.

तो आवाज दारातून आत येत होता. गोपिकाला वाटलं, आता कोणी येईल. कोणी आलं नाही. ती कात्री देत होती आणि ऐकत होती. चिमटा देत होती आणि ऐकत होती. तिच्या हाताला वळण लागलं होतं, कानाला लागलं नव्हतं. एवढं पाणी, तिच्या मनात येत होतं, एवढं पाणी.

शेवटचं काम मोजणीचं. पोट शिवायच्या आधी, रक्त टिपायला आत वापरलेल्या गॉजच्या, म्हणजे जाळीदार कापडाच्या, घड्या मोजतात. जितक्या दिल्या तितक्या परत आल्याच पाहिजेत. एक जरी कमी भरली तर टाका घालू द्यायचा नाही, मग डॉक्टर कितीही मोठा असो. गोपिकानं हे काम शेकडो वेळा केलं होतं. रक्तानं भिजलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या घड्या सोडवून मोजल्या होत्या. इथे तर त्या कोरड्या होत्या.

"काउंट?" परीक्षक बाईंनी विचारलं.

गोपिकानं तबकाकडे पाहिलं. बोट फिरवलं. "बरोबर आहे," ती म्हणाली.

"नक्की?"

"हो, मॅडम."

परीक्षक बाईंनी चादर उचलली. वळकटीच्या घडीत एक गॉज खोचलेलं होतं. त्यांनी ते बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

"सिस्टर, ही बाई आता शिवली गेली असती," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "बाकी सगळं तुमचं फार चांगलं होतं. पण ह्याला मी पास करू शकत नाही. तुम्ही माझ्या जागी असतात, तर केलं असतं का?"

"नाही," गोपिका म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा नळ अजून वाहत होता. परीक्षा संपली होती, हातमोजे काढले होते, आता बंद करायला काही हरकत नव्हती. तिनं तोटी फिरवली आणि सीताबर्डीपर्यंत उन्हात चालत गेली. तिथून घराकडे जाणाऱ्या दोन बस तिनं सोडल्या.

रुपराव त्या दिवशी लवकर घरी आला होता. तिच्या तोंडाकडे पाहून त्यानं पाण्याचा पेला पुढे केला आणि ती पिऊन होईपर्यंत थांबला.

"हात गेला का?"

"नाही."

"मंग?"

"मोजण्यात चुकली."

रुपराव समजून घ्यायला वेळ लावणारा माणूस होता. "मोजता तर येते तुले."

"येते. ध्यान नव्हतं. नळाचा आवाज येऊन राहिला होता."

तो उंबऱ्यावर बसला. नखातलं ग्रीस काढू लागला.

"आवाजाचा मी विचारच नव्हता केला," तो म्हणाला.

"कोण करते? मी बी नव्हता केला."

"अर्ज-बिर्ज काही करता येते का? मोठे डॉक्टर सांगतीन तुह्यासाठी."

"सांगतीन. पण काय सांगाचं त्याईनं? बाईच्या पोटात गॉज राहिलं असतं, अवो. माह्या हातून." तिनं पेला खाली ठेवला. "मेहनत कमी नाही पडली आपली. ते मनात नका आणू तुमी."

रुपरावानं ते मनात आणलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा सायकल काढून वाडीला गेला.

निकाल लागायच्या आधीच मेट्रन बाईंनी गोपिकाला सर्जिकल वॉर्डात टाकलं. त्या चांगल्या बाई होत्या, म्हणाल्या, "तिथंही तुझीच माणसं येतील ना, ऑपरेशन झालेली." गोपिकानं हो म्हटलं. थेटरातली स्वतःची चप्पल तिनं पिशवीत घालून आणली. मोठे डॉक्टर जिन्यात भेटले, थांबले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि "बरं, बरं" म्हणून वर निघून गेले.

थेटर शामला नावाच्या धाकट्या नर्सकडे आलं. शामला त्याच परीक्षेत पहिल्या खेपेला पास झाली होती. हुशार पोरगी होती, आणि नशिबानंच पास झाली असं गोपिकानं कधी मनातही म्हटलं नाही. हत्यारं हातात कशी धरायची, हे शामलाला गोपिकानंच दाखवलं होतं.

वॉर्डातल्या पहिल्या आठवड्यात एक दिवस वरून ट्रॉली आली. पित्ताशय काढलेली बाई, अर्धवट शुद्धीत, कण्हत असलेली. ट्रॉलीबरोबर शामला होती. नियमाप्रमाणे थेटरच्या सिस्टरनं रोगी वॉर्डाच्या सिस्टरच्या ताब्यात द्यायचा असतो, तोंडी सगळं सांगून. शामला गोपिकासमोर उभी राहिली.

"ताई," ती म्हणाली, "तुमाले काय सांगू मी आता? तुमाले तर सारं..."

भीमाबाई ट्रॉली धरून उभी होती. तिनं खाली पाहिलं.

गोपिकानं रोग्याची नाडी धरली, घड्याळाकडे पाहिलं आणि नाडी मोजून झाल्यावर हात सोडला.

"सांगा, सिस्टर," ती म्हणाली. "नळी कोणत्या बाजूनं काढली हाय, आन् ड्रेसिंग कधी उघडाचं?"

शामलानं सांगितलं. गोपिकानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग ट्रॉलीच्या डोक्याकडच्या बाजूला गेली आणि बाईला पलंगावर घेण्यासाठी चादरीची दोन टोकं धरली.