वाघबारशीची ओळख

बोरिवलीच्या जंगलाला लागून आमची सोसायटी आहे. तिथले माळीकाका पलीकडच्या पाड्यावर राहतात. झुडपात हात घालण्याआधी ते नेहमी खाकरतात, आत कोणी असेल तर त्याला कळावं म्हणून. बिबट्याचं नाव घेत नाहीत, 'तो' म्हणतात.

कुंपणाच्या भिंतीवर बिबट्या दिसल्यापासून मी मुलीला एकटीला खाली सोडत नव्हतो. वनखात्याकडे पिंजरा मागायचं सोसायटीत चाललं होतं. माझाही त्याला पाठिंबा होता.

वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर वाघ-बिबट्यांच्या देवाची पूजा होते त्या दिवशी, काकांनी मला नि मुलीला पाड्यावर नेलं. शेंदूर लावलेल्या वाघोबापुढे नारळ फोडून त्यांनी माझ्या मुलीला पुढे उभं केलं.

"ही आपली पोरगी. भिंतीपाशी खेळते. ओळख ठेव," ते शेजाऱ्याला सांगावं तसं म्हणाले.

मुलीनं हात जोडले. माझे अर्धेच वर गेले.

"काका, तो ऐकतो?" मी हळूच विचारलं.

"तुमचीपण ओळख करून देऊ?" त्यांनी माझ्या हातावर खोबरं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी गेटवर विचारलं, "पिंजऱ्याला तुमचा होकार आहे ना?"

काका तिथेच मेंदी कापायला आले होते. झुडपाजवळ जाऊन ते खाकरले. त्यांच्या मागोमाग माझी मुलगीही खाकरली, आणि उत्तर देण्याआधी मीही खाकरलो.