ब्लॉगवरची काळी दोन

क्लासच्या वेळेत पालकांचे फोन यायचे, म्हणून मी ब्लॉग सुरू केला. अंबाजोगाईत माझ्या घराच्या पुढच्या खोलीत आठवड्यातून तीन संध्याकाळी मी गाणं शिकवते. समोर मुली सा लावून बसलेल्या आणि फोनवर कुणाची तरी आई विचारतेय, आमच्या पोरीचं कसं काय चाललंय. माझा स्वभाव मुळात तिखट. एक दिवस दारावर कागदच चिकटवला: जे सांगायचं ते दर रविवारी ब्लॉगवर, फोन करू नये.

ब्लॉगवर पुढच्या आठवड्याचा राग, पाठांतराची बंदिश आणि खाली मुलींसाठी एकेक ओळ. नावं लिहायची नाहीत एवढी अक्कल मला होती, म्हणून मी पट्टी लिहायचे. पेटीच्या ज्या पट्टीवर आपला सा, ती आपली ओळख. 'काळी चार: एकीचा निषाद उतरतो.' काळी चारला अकरा जणी, त्यामुळे जिचं तिला कळायचं, बाकीच्यांना पत्ता लागायचा नाही. लेकी बोले सुने लागे. या युक्तीचं मला फार कौतुक होतं.

त्याहून खालच्या काळी दोनला मात्र एकटीच होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, केजहून जीपनं यायची. आवाज खालचा, भरलेला. तिला संगीत शिक्षिका व्हायचं होतं आणि त्यासाठी त्या वर्षीची गाण्याची परीक्षा द्यायची होती. अकरा जणींचं एकत्र झालं की शेवटची पंधरा मिनिटं तिची एकटीची. त्या पंधरा मिनिटांचा मला कंटाळा यायचा, हे आता लिहायला हरकत नाही. रविवारी तो ब्लॉगवर निघायचा. 'काळी दोन: मागच्या आठवड्याचीच चूक.' 'काळी दोन: तान केजच्या जीपसारखी, भरल्याशिवाय हलत नाही.' नाव कुठं घेतलंय, असं मी स्वतःला सांगायचे.

दिवाळीनंतर ती म्हणाली, "मॅडम, मी बी काळी चारलाच बसते. जमतंय मला."

मी सा लावायला सांगितला. लावला तिनं. मानेची शीर वर आलेली मला दिसली. पण माझी पंधरा मिनिटं वाचणार होती, तेव्हा बस म्हणाले. त्या रविवारी लिहिलं, 'काळी चार: आता बारा जणी. एकूण प्रगती समाधानकारक.' पुढे तीन महिने बारा आवाजांत तिचा आवाज मी वेगळा ऐकला नाही. मास्तरणीनंच ऐकायचं नाही तर कुणी ऐकायचं?

परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना ती वडिलांना घेऊन आली. वडील केजला एका कचेरीत कारकून. "जय भीम, म्याडम," म्हणून ते खुर्चीच्या कडेवर बसले. दवाखान्याची फाईल मांडीवर होती.

"डाक्टर म्हनले, वरच्या पट्टीत वढून वढून गळ्यात गाठी झाल्यात. दोन म्हैने बोलायचं बी न्हाई. परीक्षा तर गेलीच. फुडं गाता येईल का न्हाई, ते आत्ता सांगता येत न्हाई म्हनले."

मी तिला विचारलं, झेपत नव्हतं तर पट्टी चढवलीस कशाला?

तिनं पर्समधून छोटी वही काढली आणि लिहिलं. वडिलांना दिसू नये अशी आडवी धरून माझ्यापुढे केली. 'पप्पा दर रविवारी तुमचा ब्लॉग मोठ्यानं वाचतात. सगळं घर ऐकायला बसतं. बारा जणींत माझी ओळ कोणती ते कळत नाही.'

मी वही मिटून तिच्या हातात दिली. तिनं काय लिहिलंय ते वडिलांनी विचारलं नाही. ते आपल्याच नादात बोलत होते.

"तुमचं लिवलेलं म्या एक रविवार चुकू दिलं न्हाई. शेजारच्यास्नी बी बोलवायचो. समदे म्हनायचे, म्याडमचं पोरीवर लई बारीक ध्यान हाय."

मला त्या वेळी काहीही झालं नाही. रडू नाही, लाज नाही. दाताला भूल दिल्यावर गाल परका होतो, तशी मी बसून होते. माफी मागायची असते हे माहीत होतं, पण मागितली नाही, आणि नाही मागितली याचंही त्या वेळी वाईट वाटलं नाही. आज वाटतं. मी त्यांना चहा विचारला. त्यांनी जीपची वेळ झाली म्हणून सांगितलं.

दारात ती माझ्या पाया पडायला वाकली. इतक्या वर्षांत जी मुलगी वाकली तिच्या पाठीवर हात ठेवून मी एकच आशीर्वाद देत आले आहे. तोच तोंडातून गेला.

"गात राहा."

तिनं मान हलवली आणि चप्पल पायात घातली.