पान्यावरचं कुंकू

काल खंडेनवमीला मुलाबरोबर, दुरुस्त झालेली गाडी आणायला, इथल्या परदेशातल्या डीलरकडे गेले होते. वेटिंग रूममध्ये कॉफीचाच वास. मग आतलं दार उघडलं, ग्रीसचा भपकारा आला आणि मी थेट ऐंशीच्या दशकात जाऊन पोचले.

तेव्हाही खंडेनवमीच होती. आमच्या जुन्या गाडीच्या दुरुस्तीला डीलरने सांगितलेला आकडा ऐकून दिलीपने, माझ्या नवऱ्याने, ती कोपऱ्यावरच्या वॉल्टरच्या गॅरेजात दिली होती. म्हाताऱ्या वॉल्टरने खराब झालेला पंप दिलीपच्या हातात ठेवला. "एवढाच बिघडला होता."

दिलीप भारावून म्हणाला, "आज आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात. माझ्याकडे तर एक स्क्रूड्रायव्हरही नाही. तुझ्या हत्यारांची करू?"

वॉल्टरने टोपी काढली. सगळ्यात मोठा पाना फडक्याने स्वच्छ पुसून माझ्यापुढे धरला. मी पर्समधल्या डबीतलं कुंकू पान्याला लावलं.

"आता हा वापरायचा?" वॉल्टरने विचारलं.

"आज नाही. आज हत्यारांना सुट्टी," मी म्हणाले.

त्याने पाना खिळ्याला टांगला, दिवे मालवले आणि भर दुपारी शटर ओढलं. आपल्यामुळे त्याचा धंदा बुडाला म्हणून मी घरी येईपर्यंत दिलीपवर चिडचिड करत होते. वॉल्टरने किती मान दिला होता, ते मला कळलंच नाही. आता कळतंय, तर सांगायला दिलीप नाही.

काल गाडी मिळाल्यावर मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "कोणी दुरुस्त केली? मला भेटायचंय त्यांना."

"आत जायला परवानगी नाही, मॅम," ती गोड हसून म्हणाली.

मी पर्समध्ये हात घालून डबीचं झाकण घट्ट लावलं.