रविवारचा अलार्म
एकदा मी खुर्सीपार या अख्ख्या मजूरवस्तीला रविवारची सुट्टी बहाल केली. आजही रविवारी मोबाइल वाजला की माझं तोंड कडू होतं. ठेका मजुरांना ड्यूटीसाठी उठवणारं एक ॲप तिथल्या एका पोरीनं बनवून सगळ्यांना खुलं केलं होतं. कोड कोणीही सुधारावा, फक्त आधी विचारावं, असं तिनं वरच लिहिलेलं. मी नुकतीच कोडिंग शिकलेली, पर्मनंट कामगाराची बायको, साठीतली शहाणी. आमच्या घरी रविवार सुट्टीचाच, त्यामुळे रविवारचा अलार्म मला चूकच वाटला, म्हणून तो परस्पर काढून टाकला. त्या रविवारी ठेक्यावर काम करणारे तिचे बाबा झोपूनच राहिले. मी माफी मागायला घरी गेले, तेव्हा चहाचा कप पुढे सरकवत ती म्हणाली, “काकू, कोड मी पहिलेसारखा करून घेतला. बाबाची ड्यूटी त ठेकेदारानं दुसऱ्याले देऊन टाकली.”